पडद्याआडचं हूं

वकिलानं दुसऱ्यांदा विचारलं, तरी पडद्याआडून 'हूं' आलं नाही.

निकाहात नवरीची संमती विचारणारा हा वकील म्हणजे तिचा मामाच. सोबत दोन साक्षीदार. नवरीनं स्वतः तोंड उघडणं म्हणजे बेशरमपणा, म्हणून शेजारी बसलेली बाई तिच्या वतीनं 'हूं' म्हणायची आणि निकाह लागायचा. दौंडच्या मोहल्ल्यात हे काम जैतुनबीचं. आवाज ठणठणीत, बाहेर नीट ऐकू जायचा. नवऱ्यानं तीनदा तलाक म्हणून घराबाहेर काढलेली बाई, एरवी तिला कोण विचारतंय? पण लग्नात तिच्यावाचून पान हलत नसे. तेवढ्यापुरती ती माणसांत असायची, चारजणींत बसून जेवायची.

आज मात्र ती गप्प होती. सकाळी वेणी घालताना नवरी, शरीफा, हळूच म्हणाली होती, की खाला, मला हे लग्न नको. नवरा शिरूरचा, बिजवर, दोन ट्रकांचा मालक. बापानं शब्द देऊन टाकला होता. पोरीला विचारतो कोण! जैतुनबीला तरी कुठं कुणी विचारलं होतं?

मामानं तिसऱ्यांदा विचारलं. बायका जैतुनबीला कोपरानं ढोसू लागल्या.

"तिचं तिला सांगू द्या," ती म्हणाली. "अल्लानं तिलाबी तोंड दिलंय."

शरीफानं आईकडं पाहिलं. मग पडद्याखालून दिसणाऱ्या बापाच्या पायांकडं पाहिलं.

"कबूल," ती म्हणाली.

झालं! पोरगी बेशरम ठरली आणि जैतुनबी आगाऊ. त्यानंतर तिला कुणी लग्नाला बोलावलं नाही. गोधड्या शिवून ती पोट भरायची. कुणाच्या दारात मांडव पडला की खिडकी लावून घ्यायची आणि एकटीच जेवायची. पोरीसाठी सगळं घालवलं आणि पोरीनंच तोंडघशी पाडलं, हे तिला फार लागलं होतं.

वीसेक वर्षांनी शिरूरच्या एसटीनं एक बाई आली आणि दारात उभी राहिली. बुरखा वर केला तेव्हा कळलं, शरीफा. जैतुनबीनं तिला बससुद्धा म्हटलं नाही.

"खाला, तवा मी भ्याले," शरीफा म्हणाली. "आता माझ्या पोरीचा निकाह हाय. तिच्या बापानं ठरवलाय, तिला नकोय. पडद्याआड तिच्याजवळ तुम्ही बसा."

जैतुनबी कडवट हसली. आता आपला आवाज गेलाय, हूं म्हणायला दुसरी कुणी बघ, म्हणाली.

"हूं म्हणायला न्हाई, खाला. तुम्ही नुसतं गप बसायचं. बोलायचं पोरीला मी शिकवलंय."