फुनानोरी

"एका कागदाला एवढा वेळ? एवढ्यात आम्ही नांगर उचलून मोकळे होतो," रवींद्र चाळके मेधाच्या कानाशी पुटपुटला. मराठीत, म्हणजे समोरच्या मोरीसानना कळू नये म्हणून.

परदेशातल्या हार्बरफ्रंट बंदरावरच्या या जपानी शिपिंग ऑफिसात मेधा दुभाषी होती. जपानी ती घरी कॅसेट लावून शिकलेली, पोळ्या लाटता लाटता. रवींद्र दाभोळचा, सव्वीस वर्षं कंपनीच्या बोटींवर, त्यातली चौदा बोसन, डेकवरच्या खलाशांचा म्होरक्या. सोमवारी त्याच्या डोळ्यांचा रिपोर्ट आला. तेव्हापासून ऑफिसातला प्रत्येक जण त्याला जेवलात का विचारत होता. मॅनेजर इथल्या धाटणीच्या इंग्रजीत म्हणाला, "पुढच्या कॉन्ट्रॅक्टला बघू लाह." मेधाने तेही इमानाने मराठीत सांगितलं. पुढचं कॉन्ट्रॅक्ट नाही हे तिलाही माहीत होतं.

मोरीसान पूर्वीचे कप्तान, आता इथले साहेब. मेधाने टाइप केलेला सेवेचा दाखला त्यांनी दोनदा वाचला, एक शब्द खोडला आणि वर पेनाने दुसरा लिहिला.

"काय खोडलं?"

"सेन्-इन. म्हणजे खलाशी, कंपनीच्या यादीतला."

"मग खोटं काय त्यात?"

"काही नाही. फॉर्मवर तोच लिहितात. यांनी फुनानोरी लिहिलंय."

"ही बढती म्हणायची का?"

मेधा हसली. "दादा, हा फॉर्मवरचा शब्दच नव्हे. अमका जन्मभर दर्यावर जगला, असं सांगताना म्हणतात. त्याला यादी लागत नाही, कंपनी लागत नाही, बोट..."

ती उगाचच प्रिंटरकडे वळली.

दुरुस्त दाखल्याचा नवा कागद आला. मोरीसाननी त्यावर शिक्का उठवला, उभे राहिले, दोन्ही हातांनी तो पुढे केला आणि वाकले. बोसनपुढे कप्तान वाकत नाही इतके.

रवींद्रनेही कागद दोन्ही हातांनी घेतला. शर्टाच्या बाहीने टेबलावरचा कॉफीचा थेंब पुसला, मगच कागद तिथे ठेवला. खिडकीखालून बाताम बेटाकडे जाणारी फेरीबोट निघाली होती.

"मेधाताई, साहेबांना सांगा. एक शब्द गाळू नका."

"बोला, दादा."

"वर्ष झालं, मला लाल दिवा कुठला नि हिरवा कुठला, कळत नाही. शेजारचा खलाशी हळूच सांगायचा, मी मोठ्याने ओरडायचो. मला कुणी उतरवत नाहीये. मी उतरतोय."