हुबेहूब गाडी

मी मॉडेलवरचं फडकं बाजूला केलं आणि गिऱ्हाइकाने माझी गचांडीच धरली.

"ही माझी गाडी? इतके महिने घासून हे भंगार केलंस?"

टेबलावर वीतभर लांबीचं मॉडेल होतं. रंग त्याच्या गाडीचाच, आतल्या सीटवरची शिवणसुद्धा तीच. फक्त बॉनेट चेपलेलं आणि उजवा दिवा फुटलेला.

"माझ्या पोरीला उडवून पळालात, तेव्हा गाडी अशीच झाली होती ना, साहेब?"

त्याने माझं तोंड टेबलावर आपटलं. नाकातून भळाभळा रक्त आलं.

"मी कुणालाही उडवलेलं नाही!" त्याने पुन्हा आपटलं. माझा दात तुटून मॉडेलच्या टपावर पडला. "आणि म्हणे हुबेहूब बनवतो! अरे, उजव्या दिव्याला ओरखडासुद्धा गेला नव्हता. फुटला तो डावा!"

त्याची मूठ हवेतच थांबली.

मी रक्त पुसलं आणि चिमटा उचलला. "डावा होय? बरं झालं सांगितलंत, साहेब. मला नुसताच संशय होता."

दारात उभ्या असलेल्या पोरीच्या आईने आतून कडी घातली.