गरम हात

दिनकर खांबेटेला या लबाडीत मिळणार होती फक्त एक डुलकी. आम्लाच्या टाकीला आतून लावलेलं रबर जिवंत होतं. भोक दिसलं की वाढून बुजवायचं. झाकण उघडलं की टाकीचं तोंडही त्याला भोकच. म्हणून आत माणूस उतरला की बाहेरच्याने कडेवर हात ठेवायचा. उबेपाशी ते वाढत नसे. दिनकरने हाताऐवजी चहाची गरम किटली ठेवली.

"दिनूभाऊ, हात आहे ना?" आतून रामलिंगने विचारलं.

"आहे बाबा. तुझ्या बायकोचाही एवढा गरम नसेल," म्हणत दिनकर भिंतीला टेकला.

जाग आली तेव्हा किटली गार होती, तोंड बुजलेलं होतं. सुरीने कापावं तिथे रबर आणखी जाड होऊन जुळे. आतलं ठोकणं हळूहळू थांबलं.

डुलकी दिनकरला मिळाली, न गळणारी टाकी मालकाला. किंमत रामलिंगने श्वासांत चुकती केली.