उपाशी गोधडी

कापसाला सोन्याचा भाव आला आणि हिवरखेडच्या बायका करकरीत विलायती लुगडी मिरवू लागल्या. जयवंता मात्र मेलेल्या सासूच्या जुनेरांची गोधडी शिवत बसली होती.

"चिंध्यायसाठी कावून डोये फोडून राहिली वं?" थोरली जाऊ पार्बता नवा पदर सावरत हसली.

"बाई, असा एक टाका घालून दाखवा, मंग हासा."

गोधडी उपाशी राहू नये म्हणून शेवटच्या कोपऱ्यात भाकरीचा घास ठेवायची रीत होती. बोलण्याच्या तोऱ्यात जयवंता घास ठेवायला विसरली आणि तिने कोपरा शिवून टाकला.

दुपारी पार्बता त्या गोधडीवर जरा लवंडली. उठली तेव्हा तिच्या पदराचा वीतभर तुकडा गेला होता आणि गोधडीवर एक करकरीत ठिगळ बसलं होतं. ती किंचाळत अंगणात पळाली.

जयवंताने ठिगळावरून बोट फिरवलं. टाके तिच्याच हातचे होते आणि एकही वाकडा नव्हता. भीतीतही तिची मान ताठ झाली.

मग तिने कोपरा उसवला आणि भाकरीचा घास घेऊन हात आत घातला. आत कोणीतरी तो घास अलगद काढून घेतला.

हात मात्र बाहेर येईना. मनगटावर पहिला टाका पडला. बारीक, सरळ, अगदी तिच्यासारखा.