आधी संडास

"तिला विचार, ही तिसरी जागासुद्धा का नको?" इंजिनियर ओर्दोन्येस म्हणाला.

खासिंताने ते इशिलमध्ये, त्यांच्या डोंगरी बोलीत, विचारलं. आत्याने ओढ्याकाठच्या त्या सपाट, उन्हाच्या तुकड्याकडे नजरही टाकली नाही.

"सांग त्याला, मला जुन्या छावणीच्या मैदानात घर हवं. दुसरीकडे नको."

खासिंताच्या कानशिलांत रक्त चढलं. स्पॅनिशमध्ये तिने एवढंच सांगितलं, "ती म्हणते, विचार करून सांगते."

"मी असं नाही म्हणाले," आत्या शांतपणे म्हणाली.

शेवटी खासिंताला खरं ते सांगावंच लागलं.

लष्कराने इथली गावं जाळली, माणसं मारली, त्याला तीस वर्षं उलटल्यावर सरकारला भरपाई आठवली होती. एक खोली, पत्र्याचं छप्पर, मागे संडास आणि दाराशेजारी सरकारी शिक्क्याची फरशी, म्हणजे उपकार रोज दिसत राहावेत. वाट बघताबघता अर्ध्या म्हाताऱ्या मेल्या. उरलेल्यांत एंग्रासिया आत्या. तिची झोपडी गळत होती, खोकला छातीत घर करून होता, आणि डिसेंबरात योजना बंद व्हायची होती. आता घर हुकलं तर कायमचं हुकलं.

खासिंताचा स्वतःचा अर्ज केव्हाच परत आला होता. एका रात्री सैनिकांनी गावातल्या इतरांबरोबर बापाला नेलं तेव्हा ती वर्षाची होती. "प्रेत नाही तर मरण कसं लिहू?" कार्यालयातला माणूस पाव चावत म्हणाला होता. "मेक्सिकोत असेल तुझा बाप. दुसरी बायको, दुसरी पोरं. मजेत." त्या रात्री नेलेल्या सगळ्यांबद्दल लष्कर हेच सांगत आलं होतं: सीमेपलीकडे पळाले.

आई हिवतापाने गेल्यावर खासिंताला आत्याने वाढवलं. पण त्याआधीची दोन वर्षं आत्या छावणीत होती. तिला आणि आणखी काही बायकांना धरून नेऊन सैनिकांचा मका दळायला, कपडे धुवायला लावलं होतं. बाकीचं कोणी बोलत नसे. गावात पाठीमागे तिला अजून 'शिपायांची बाई' म्हणत. या एका शब्दापायी खासिंताने शाळेत एका पोरीचा दात पाडला होता.

आणि आता हिला घर तिथेच हवं होतं!

"लोक काय म्हणतील, कळतं का तुला?" घरी आल्यावर ती ओरडली.

"तीस वर्षं म्हणतायत तेच म्हणतील."

"तुला किळस नाही वाटत त्या जागेची? मी तिथून बकरीसुद्धा नेत नाही!"

"म्हणून तर गवत एवढं माजलंय. पीठ मळ, वाळतंय ते."

आत्याशी भांडणं म्हणजे असं. वर्षातून दोनदा ती त्या छावणीतल्या बायकांबरोबर बसने राजधानीला जाई. कशाला, विचारलं तर "काम होतं" म्हणे. खासिंताने विचारणं सोडून दिलं होतं.

छावणीची जमीन कोणी फुकटही घेत नव्हतं. महापौराने आनंदाने तिचा एक तुकडा दिला. ओर्दोन्येसने तिथे लोखंडी गज टोचून पाहिला. गज सहज आत गेला.

"माती भुसभुशीत आहे. भिंत खचेल."

"मग भिंत पलीकडे घे म्हणावं," आत्या म्हणाली. "इथे संडासाचा खड्डा. आधी खड्डा, मग घर. आणि चांगला खोल."

ओर्दोन्येस हसला. "सिमेंटचं घर मिळतंय आणि म्हातारीला संडासाची घाई! राहणार किती जण?"

"बरेच आहेत," आत्या म्हणाली.

"एकटीच आहे," खासिंताने सांगितलं.

"एकट्या बाईला पलटणीचा खड्डा! असू दे. म्हाताऱ्या माणसांना लागतंच." त्याने चुन्याने चौकोन आखला.

खणायच्या दिवशी आत्या मेणबत्त्यांचं भलंमोठं गाठोडं आणि धूप घेऊन आली. जमीन फोडण्याआधी डोंगराची परवानगी मागायची, हे सगळेच करतात. पण त्याला चार मेणबत्त्या पुरतात. ओर्दोन्येस फोटोसाठी सरकारी टोपी घालून आला होता. मैदानाच्या कडेला छावणीतल्या त्या बायकाही येऊन उभ्या राहिल्या, लाल घागऱ्यांत, एकमेकींना चिकटून. या कशाला आल्यात, खासिंताला कळेना. तिचं डोकं आणखीच तापलं.

गास्पार गवंडी खणत होता. तो छातीइतका खाली गेला आणि फावडं अडकलं. त्याने हाताने माती सारली आणि एक काळा रबरी बूट वर काढला.

"शिपायांचा कचरा," ओर्दोन्येस म्हणाला. "फेक तिकडे."

गास्पारने बूट थोडा कलता करून आत पाहिलं. मग दोन्ही हातांनी तो हळूच काठावर ठेवला आणि डोक्यावरची टोपी काढली. शेजारी दुसरा निघाला. मग एक निघाला तो पोराच्या मापाचा होता.

"थांबव!" ओर्दोन्येसचा आवाज चिरकला. "थांबव ते! विचार हिला, इथे खणायची परवानगी कोणी दिली हिला?"

खासिंताने तोंड उघडलं, पण त्याआधीच आत्या बोलली. स्वच्छ, ठणठणीत स्पॅनिशमध्ये. ती भाषा तिच्या तोंडून खासिंताने जन्मात ऐकली नव्हती.

"तुम्हीच दिलीत, साहेब. हाडं काढायला अकरा वर्षं कोर्टाकडे मागत होतो, मिळाली नाही. संडासाला लगेच मिळाली."

बायका पुढे आल्या. आत्याने गाठोडं सोडलं आणि एकेकीच्या हातात मेणबत्ती देत गेली. शेवटची तिने खासिंताच्या तळहातावर ठेवली आणि तिची बोटं मिटली.

"ही तुझ्या बापाची."