डावीकडची खिडकी

बायको भलंमोठं विमान चालवायची, पण ती घरची गाडी लावायला लागली की शेजारी बसलेल्या नवऱ्याची टकळी सुरू. "डावीकडे बघ, घासेल."

त्या दिवशी तो तिच्याच विमानानं निघाला, तेव्हा तिनं आधीच बजावलं, "माझी शपथ आहे तुला, उतरेपर्यंत अवाक्षर काढायचं नाही."

विमान धावपट्टीकडे हळूहळू निघालं. खिडकीतून त्याला दिसलं, डावा पंख एका उभ्या विमानाच्या शेपटीकडे सरकतोय. शपथ आठवून त्यानं दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबलं.

धाडकन आवाज झाला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पंखाचं टोक तेवढं गेलं.

सगळे उतरल्यावर ती तणतणत त्याच्या सीटपाशी आली.



"दिसत होतं ना तुला? मग मूग गिळून काय बसलास?"