केटुरा आत्याचं मत

न्यू जर्सीत नावावर मालमत्ता असलेल्या विधवा मत देत. १८०७ साली तो हक्क काढून घेणारा कायदा आला आणि आमदार इफ्राइमने पक्षाबरोबर निमूट होकार भरला. त्याला लहानाचं मोठं करणाऱ्या विधवा केटुरा आत्याच्या हाती मग वर्षभर त्याने वर्तमानपत्र लागू दिलं नाही.

निवडणुकीच्या सकाळी आत्या ठेवणीतली टोपी घालून दारात उभी. "गाडी जोड रे! गेल्या खेपेला एका मताने तरलास, आता आळस नको."

"आत्या, यंदा बायकांना मत नाही. तसा कायदा झालाय."

ती मटकन पायरीवर बसली. तो खाली मान घालून उभा राहिला.



मग तिनेच त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "एवढं तोंड पाडू नकोस, बाळा. तू एकटा किती जणांशी भांडणार होतास?"